मावशींची पाठ आणि भिंतीला टेकवलेला पलंग

मध्य मुंबईतल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयातला पुरुषांचा अस्थिरोग वॉर्ड. २४ खाटा. रात्रपाळीला दोन सिस्टर, एक मामा (वॉर्डबॉय), एक मावशी (आया). पहाटे सव्वापाचला कोपऱ्यातल्या सात नंबरचं स्पंजिंग, म्हणजे ओल्या कपड्याने अंग पुसणं, आणि चादर बदलणं चाललं होतं. पेशंट आजोबा ७४ वर्षांचे, वजन ८४ किलो. घरात पडून खुब्याचं हाड मोडलं होतं, अर्धा सांधा बदलला होता, ऑपरेशनचा तिसरा दिवस. एक सिस्टर दुसऱ्या टोकाला अडकलेली सलाईन चालू करत होती, दुसरी सकाळच्या तपासणीसाठी रक्त काढत होती, मामा एका पेशंटला घेऊन तळमजल्यावर सीटी स्कॅनला गेले होते. आजोबा उशीवरून घसरत घसरत पार पायथ्याकडे आलेले. पलंगाची डावी बाजू भिंतीला टेकलेली, म्हणजे उभं राहायला एकच बाजू. मावशींनी आजोबांच्या मुलाला हाक मारली, "दादा, जरा हात लावा." मुलगा मांड्यांपाशी, मावशी खांद्यापाशी. "एक, दोन, तीन" म्हणून दोघांनी ड्रॉ शीट, म्हणजे पेशंटच्या अंगाखालची आडवी चादर, ओढली आणि पलंगच वीतभर सरकला. चाकाचा ब्रेक दाबलेला होता, पण तो धरत नव्हता. एक गुडघा गादीवर, कंबर वळलेली, हातात भार, अशा अवस्थेत मावशींना हिसका बसला.

त्यांनी पलंगाची दांडी धरून मिनिटभर श्वास घेतला, चादर बदलून पूर्ण केली, पुढचे दोन पेशंटही आटपले. आठला पाळी सुटल्यावर परळहून स्लो लोकल पकडून दिव्याला घरी गेल्या.

पुढे जाण्याआधी एक खुलासा. ही एकाच रुग्णालयाची फाईल नव्हे. मुंबईतल्या वॉर्डांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी इथे एका घटनेभोवती गुंफल्या आहेत, आणि माणसांना वॉर्डातल्या हाकेनेच ओळखायचं आहे.

तीन दिवस

घरी गेल्यावर मावशी म्हणाल्या, "उसण भरलीय, उतरेल." बाम चोळला, विटेने शेकलं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी चाळीतल्या एका पायाळू मुलाला बोलावलं. पायाळू माणसाने कमरेवर लाथ मारली की उसण जाते, हा समज कोकणापासून विदर्भापर्यंत सगळीकडे आहे आणि दिव्याच्या चाळीतही तो शाबूत आहे. मुलाने पाय लावला, मावशींना तात्पुरतं बरंही वाटलं. ह्याची चेष्टा करण्यात मला रस नाही. साध्या स्नायूंच्या उसणीतून बहुतेक माणसं काही दिवसांत ते काही आठवड्यांत आपोआप सावरतात, त्यामुळे पायाळूला, बामला आणि डॉक्टरला, तिघांनाही यश मिळतं. अडचण इतकीच की त्या तीन दिवसांत ही इजा कामावर झाली, असं कुठल्याही कागदावर चढलं नाही.

तिसऱ्या दिवशी डाव्या पायात मुंग्या यायला लागल्या, तेव्हा मावशींनी एजन्सीच्या सुपरवायझरला फोन केला. मावशी कंत्राटी, पगार एजन्सीकडून. सुपरवायझर म्हणाला, "मावशी, घरी पाण्याचे हंडे उचलता ना? तिथेच काहीतरी झालं असणार."

हे वाक्य मुंबईत कंबर धरून बसलेल्या प्रत्येक कामगाराने कधी ना कधी ऐकलंय. त्यात खोटं काही नाही, हेच त्याचं बळ. मावशी घरी हंडे उचलतातच. गर्दीच्या लोकलमध्ये तासभर उभ्याही राहतात. पाठीला पाळी सुरू झाली, पाळी संपली हे कळत नाही. सगळा भार एकाच खात्यात जमा होतो. पण घरचा हंडा साधारण १५ लिटरचा, अंगाजवळ धरलेला आणि कधी उचलायचा हे मावशींच्या हातात. वॉर्डातला पेशंट कधी, कुठून, कोणाबरोबर उचलायचा ह्यातलं काहीच त्यांच्या हातात नव्हतं. चौकशी करायची तर ती ह्या दुसऱ्या उचलीची.

चौकशीचा पहिला निष्कर्ष

मेट्रननी, म्हणजे सिस्टरांच्या प्रमुखांनी, चौकशी लावली. मावशींसाठी लावली असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. वॉर्डातल्या मावशी आणि मामा वारंवार बदलत होते, रजेच्या अर्जांवर "कंबरदुखी" हा शब्द सारखा दिसत होता आणि नव्या माणसाला शिकवून शिकवून सिस्टर वैतागल्या होत्या. त्याच सुमाराला मेट्रनच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. वॉर्डात सुई टोचली की लगेच फॉर्म भरला जातो, रक्त तपासलं जातं, एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू करायची असतात म्हणून सगळे धावतात. ह्या सुईची नोंद गुणवत्ता मानांकनाच्या निर्देशकांतही द्यावी लागते. पाठ मोडली तर नोंदवायला वहीच नव्हती.

नोंद करायला घेतली, तेव्हा पहिल्या मसुद्यात कारण लिहिलं गेलं: "चुकीच्या पद्धतीने उचलल्यामुळे." प्रशासनाला ते पटलं आणि दोन उपाय तडकाफडकी मंजूर झाले. सगळ्या मावशी-मामांसाठी तासाभराचं प्रशिक्षण, आणि प्रत्येकाला एक कंबरेचा पट्टा.

प्रशिक्षण झालं. गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा, ओझं अंगाजवळ घ्या. मग एका मामांनी उठून विचारलं, "मॅडम, पलंगासमोर गुडघे वाकवायचे कसे? गुडघा फ्रेमला लागतो." प्रशिक्षण देणाऱ्या बाईंना उत्तर सुचलं नाही, कारण त्याला उत्तर नाही. जमिनीवरची पेटी दोन पायांच्या मध्ये घेऊन उचलता येते. माणूस ९० सेंटिमीटर रुंदीच्या पलंगाच्या मधोमध झोपलेला असतो आणि आपण लोखंडी पट्टीच्या बाहेर उभे असतो. अंगाजवळ घ्यायचं म्हणजे आपणच पलंगावर चढायचं, आणि मावशींनी नेमकं तेच केलं होतं.

उचलण्याची पद्धत शिकवल्याने पाठीच्या इजा टळतात का, हा प्रश्न जगात भरपूर तपासून झालाय. वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०११ च्या आढाव्यात असे अभ्यास एकत्र केले गेले, आणि नुसत्या सल्ल्याने वा प्रशिक्षणाने कंबरदुखी टळते असं त्यात दिसलं नाही. पट्ट्यांचंही तसंच. अमेरिकेत किरकोळ दुकानांतल्या हजारो कामगारांवर 'नायॉश' ह्या सरकारी कामगार-आरोग्य संशोधन संस्थेने केलेला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. पट्टा बांधणाऱ्यांच्या आणि न बांधणाऱ्यांच्या इजांत फरक आढळला नाही. तरीही दोन्ही उपाय पुन्हा पुन्हा मंजूर होतात. कारण उघड आहे. पट्टा विकत घेता येतो, प्रशिक्षणाचा फोटो काढता येतो, आणि दोन्ही दिल्यावर पुढची इजा कामगाराच्या नावावर टाकता येते. ब्रिटनच्या १९९२ च्या नियमांनी लावलेला क्रम मला जास्त प्रामाणिक वाटतो: टाळता येईल ती उचल आधी टाळा, टळत नाही तिची तपासणी करा, मग तिच्यातला धोका कमी करा. ह्या क्रमात "मावशींनी नीट उचलावं" फार उशिरा येतं.

आकडेमोड

वॉर्डाच्या फिजिओथेरपिस्टनी टेप घेतली आणि सात नंबरचा पलंग मोजला. नायॉशचं १९९१ चं उचलीचं समीकरण २३ किलोपासून सुरू होतं. सगळं अनुकूल असताना, म्हणजे ओझं अंगाला लागून, योग्य उंचीवर, न वळता, चांगली पकड मिळत असताना, ही वरची मर्यादा. मग प्रत्येक प्रतिकूल गोष्टीसाठी आकडा खाली येतो. हात घोट्यांपासून २५ सेंटिमीटर पुढे असेपर्यंत काही वजा होत नाही. ५० सेंटिमीटरवर मर्यादा निम्मी होते, साडेअकरा किलो. ६३ सेंटिमीटरच्या पुढे ती शून्य धरायची.

आजोबांच्या अंगाची मध्यरेषा पलंगाच्या कडेपासून ४५ सेंटिमीटर. मावशींचे पाय कडेच्या बाहेर. म्हणजे हात ५० ते ६० सेंटिमीटर पुढे, त्यावर कंबरेचा पीळ, पकड म्हणून चुरगळलेली चादर.

हे समीकरण खोक्यांसाठी बनवलेलं. माणूस हलतो, घाबरतो, मध्येच हात पकडतो, म्हणून ते पेशंटला जसंच्या तसं लावत नाहीत. समीकरणाच्या कर्त्यांपैकी एक, थॉमस वॉटर्स, ह्यांनी २००७ साली पेशंटसाठी वेगळी मर्यादा सुचवली: एका माणसामागे ३५ पौंड, म्हणजे जवळपास १६ किलो, तीही पेशंट सहकार्य करत असेल आणि उचल अचानक बिघडणार नसेल तर. ८४ भागिले १६ म्हणजे सवापाच. सहा माणसं. भिंतीला टेकलेल्या पलंगाच्या एका बाजूला सहा माणसं मावत नाहीत, आणि पहाटे सव्वापाचला सहा माणसं त्या मजल्यावरही नव्हती.

कोणी म्हणेल, ८४ किलो हवेत कुठे उचलले, चादर तर ओढली. खरंय. प्रत्यक्षात अर्धं उचलतात, अर्धं फरफटवतात. एका पायाचं वजन शरीराच्या सुमारे १६ टक्के, म्हणजे आजोबांचा एकेक पाय साडेतेरा किलोच्या आसपास. दोन्ही पाय वजा केले तरी धड, डोकं आणि हात मिळून ५७ किलो उरतात, आणि ती बाजू मावशींकडे होती. दोघांनी मिळून केलं की भार निम्मा होतो हाही गैरसमजच. ओहायो स्टेट विद्यापीठात विल्यम मॅरस आणि सहकाऱ्यांनी पेशंट हलवताना कंबरेच्या मणक्यांवर येणारा भार मोजला. १९९९ च्या त्यांच्या निष्कर्षांनुसार दोघांनी हाताने उचललं तरी इजेचा धोका मोठाच राहतो.

टेप घेतल्यामुळे आणखी एक गंमत कळली. सगळ्यांचं म्हणणं होतं की पलंग फार बुटका आहे, आणि साडेपाच फुटांहून उंच असलेल्या मामांपुरतं ते खरंच होतं. डोकं आणि गुडघे हँडलने वर होतात पण उंची बदलत नाही अशा साध्या सेमी-फाऊलर पलंगावर ते दिवसभर ओणवे असत. मावशींची उंची पाच फुटांच्या आत. त्यांना पलंगाची उंची जवळपास सोयीची होती. त्यांना मारत होता तो लांबचा पल्ला. तोच पलंग दोन शरीरांना दोन वेगळ्या तऱ्हांनी दुखवत होता, आणि खरेदी विभाग ज्या महागड्या वर-खाली होणाऱ्या पलंगांचं कोटेशन मागवत होता, त्यांनी मावशींचं फारसं भलं झालं नसतं. पलंग भिंतीपासून दोन फूट पुढे ओढणं फुकट होतं.

मुंबईत एक विसंगती जाणवते ती इथे लिहून ठेवतो. डोक्यावर आणि पाठीवर ओझं वाहणाऱ्यांसाठी ह्या राज्याने १९६९ साली माथाडी कायदा केला. त्यामागे अण्णासाहेब पाटलांनी बांधलेली चळवळ होती. गोणी ५० किलोच्या वर नको, ह्यासाठी वाशीच्या बाजार समितीत माथाडींनी कामं बंद पाडली आहेत. १९४८ च्या कारखाने अधिनियमात इजा होईल इतकं जड ओझं उचलायला लावू नये, असं कलम ३४ घातलं गेलं. बटाट्याच्या गोणीवर वजन छापलेलं असतं. वॉर्डात ८४ किलोंचा माणूस उचलणाऱ्या बाईला हमाल म्हणत नाहीत, आणि त्या माणसाचं वजन असतं ते इंग्रजी केसपेपरच्या आतल्या पानावर, भूल देण्याच्या हिशेबासाठी.

अकरा वाजताचे आजोबा आणि पाच वाजताचे आजोबा

माझ्या मते ह्या प्रकरणाचा गाभा फिजिओथेरपिस्टच्या एका नोंदीत आहे. अपघाताच्या आदल्या दिवशी सकाळी अकराला हेच आजोबा वॉकर धरून, एका बाजूने आधार घेऊन, दोन मिनिटं उभे राहिले होते. उजवा पाय ठणठणीत होता. गुडघा वाकवून, टाच गादीत रोवून, दोन्ही हातांनी रेटून ते स्वतःला वर सरकवू शकत होते. पहाटे पाच वाजता त्यांना कोणी विचारलंच नाही.

का विचारलं नाही? एक, मावशींना माहीतच नव्हतं. फिजिओची नोंद फाईलमध्ये, फाईल सिस्टरच्या टेबलावर, भाषा इंग्रजी. दोन, भीती. सांधा बदललेला पेशंट पाय आत वळवेल, खुबा निखळेल, मग डॉक्टर ओरडतील, असं वॉर्डात सगळ्यांच्या मनावर ठसलेलं. भीती अगदीच निराधार नव्हती. मागच्या बाजूने केलेल्या ऑपरेशननंतर पाय मध्यरेषेपलीकडे नेणं, आत वळवणं आणि खुब्यात ९० अंशांपेक्षा जास्त वाकणं टाळायचं असतं. पण ह्या तीन मनाईंचा अर्थ वॉर्डाने "पेशंटने काहीच करायचं नाही" असा लावला होता. तिसरं कारण मुलगा. बाबांना त्रास नको म्हणून तो स्वतःच त्यांचं सगळं करत होता. आपल्याकडे आजारी माणसाने हात हलवला तर शेजारी बसलेल्याला अपराधी वाटतं.

ह्यातून जो बदल निघाला तो सगळ्यात स्वस्त होता, आणि सगळ्यात जास्त भांडणंही त्यावरच झाली. प्रत्येक पलंगाच्या डोक्याशी एक पाटी. हिरवी म्हणजे स्वतः हलतो, पिवळी म्हणजे सांगितलं की मदत करतो, लाल म्हणजे काहीच करू शकत नाही. खाली मराठीत आणि हिंदीत: ऑपरेशनचा पाय कुठला, किती माणसं लागतील, काय करायचं नाही. आठवडाभरात मावशींनीच दोष काढला. दिवसा पिवळा असलेला पेशंट रात्री दुखण्याचं इंजेक्शन घेऊन गुंगीत असतो, तेव्हा तो लालच धरायला हवा. मग पाटीवर दोन खाने झाले, दिवस आणि रात्र. रात्रीचा खाना सिस्टरने भरायचा. सिस्टर म्हणाल्या, आणखी एक रजिस्टर? त्यांची तक्रार रास्त होती. दोन जणी २४ पेशंट बघतात. मेट्रननी कुठलीशी जुनी, कोणी न वाचणारी नोंदवही बंद करून टाकली, तेव्हा पाटी भरली जाऊ लागली.

घसरणं आणि सरकवणं

आजोबा मुळात घसरले का, हा प्रश्न पहिल्या चौकशीत कोणी विचारला नव्हता. पलंगाचं डोकं वर केलं की माणूस खाली घसरतो. रात्रीतून दोन-तीनदा त्याला वर ओढावं लागतं, आणि प्रत्येक ओढ म्हणजे एक उचल. पलंगाला दोन हँडल असतात, एक पाठीसाठी, एक गुडघ्यांसाठी. आधी गुडघ्यांचं हँडल फिरवून मांड्यांखाली थोडा उंचवटा करायचा, नंतर डोकं वर करायचं, की घसरणं बरंच कमी होतं. मात्र खुब्याचं ऑपरेशन झालेल्या पेशंटमध्ये कंबरेशी किती कोन होतोय हे पाहूनच. ही युक्ती नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. वॉर्डात निम्म्या पलंगांची गुडघ्यांची हँडल गंजून अडकली होती, म्हणून ती वापरातून गेली. मेंटेनन्सवाल्यांनी ग्रीस आणि हातोडी घेऊन दोन दुपारी घातल्या. त्याच फेरीत चाकंही बघितली. रोज फिनाइलच्या पाण्याने लादी पुसताना ब्रेकच्या यंत्रणेत पाणी आणि केसांचा गुंता जातो. बाहेरून खटका लागतो, आत चाक फिरत राहतं. सात नंबरच्या चारपैकी तीन चाकांचं हेच झालं होतं.

मग स्लाइड शीट. गुळगुळीत नायलॉनचा नळीसारखा शिवलेला कपडा. पेशंटला एका कुशीवर वळवून खाली सरकवायचा, मग त्याला वर न्यायचं. कापड कापडावर घसरतं, त्वचा गादीवर घासत नाही. ऑपरेशन थिएटरचे ब्रदर जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून हेच वर्षानुवर्षं करत आले होते, वॉर्डाला पत्ता नव्हता. मोठ्या डॉक्टरांना मावशींच्या पाठीपेक्षा बेडसोअरचा मुद्दा लवकर पटला: फरफटवल्याने माकडहाडावरची त्वचा आतून फाटते. पटलं ना, मग कारण कुठलंही असो.

शीटचे दोन धोके मात्र खरे आहेत. ती खाली राहिली तर पेशंट पलंगावरून घसरून पडू शकतो. काम झालं की लगेच काढायची आणि ते होईपर्यंत दुसऱ्या बाजूला माणूस किंवा वर केलेली रेलिंग हवीच. दुसरा धोका धोबीघराचा. चादरींबरोबर बाहेरच्या लॉन्ड्रीत गेलेल्या पहिल्या शीट परत आल्याच नाहीत. आता पेशंटमागे एक शीट, त्याच्याच लॉकरमध्ये, डिस्चार्जनंतर वॉर्डातच धुवायची.

हॉईस्टचं सांगितलं नाही तर प्रकरण अपुरं राहील. पेशंटला झोळीत घालून उचलणारं हायड्रॉलिक यंत्र रुग्णालयाकडे होतं, देणगीतून आलेलं, आणि स्टोअरमध्ये प्लॅस्टिक न काढता उभं होतं. एकदा वापरून पाहिलं तेव्हा त्याचे पाय पलंगाखाली गेले नव्हते, कारण हँडलची दांडी आडवी येत होती. विकत घेण्याआधी पलंगाखालची जागा मोजायला दोन मिनिटं लागली असती. शेवटी दांडी आड न येणारे तीन पलंग आयसीयूतून अदलाबदल करून आणले आणि लाल पाटीचे वजनदार पेशंट तिथेच ठेवायचं ठरलं. हे पलंग दोन्ही बाजूंनी मोकळे. नातेवाइकांची खुर्ची आणि रात्रीची चटई पायथ्याकडे गेली. ह्यावर नातेवाइकांनी आरडाओरडा केला, आणि पाच फुटांच्या गॅलरीवजा जागेत वडिलांच्या उशाशी झोपू पाहणाऱ्या मुलाला "तिकडे सरका" म्हणणं कोणालाच सुखाचं नसतं.

पाचची वेळ कोणाची?

स्पंजिंग पहाटे पाचला का? नऊला मोठ्या डॉक्टरांचा राउंड, त्याआधी पेशंट स्वच्छ, चादर सरळ, ही जुनी शिस्त. परिणाम असा की बारा तासांच्या पाळीतलं सगळ्यात जड काम दहाव्या तासाला, सगळ्यात कमी माणसं असताना. दिवसा ह्याच वॉर्डात दोन मावशी, दोन मामा आणि जीएनएमच्या (नर्सिंग पदविकेच्या) विद्यार्थिनी असतात.

मेट्रनची मागणी साधी होती. लाल पाटीच्या पेशंटचं स्पंजिंग सकाळी आठनंतर. दोन डॉक्टर लगेच हो म्हणाले, एकांनी "माझा राउंड मी का बदलू" म्हटलं. तोडगा असा निघाला की राउंड बदलणार नाही, लाल पाटीचे पेशंट राउंडमध्ये शेवटी बघायचे. पहाटे फक्त तोंड धुणं आणि ओली झालेली चादर. ओली चादर बदलताना दोन माणसं, आणि दुसरं माणूस नातेवाईक नव्हे. मामा खाली गेले असतील तर सिस्टर येईपर्यंत थांबायचं. हा शेवटचा नियम कागदावर आहे. ओल्या अंथरुणात कुडकुडणारा म्हातारा समोर असताना कुठली मावशी थांबेल, हे मी सांगू शकत नाही, आणि तिने थांबू नये असंही मला वाटतं. म्हणूनच रात्रीच्या दुसऱ्या मावशीची मागणी मेट्रननी सोडलेली नाही.

रजा, पगार, फॉर्म १२

मावशींना तपासणाऱ्या डॉक्टरांनी आधी धोक्याच्या खुणा विचारल्या: लघवी अडकतेय किंवा नकळत होतेय का, जांघेत बधिरपणा आहे का, पाऊल लुळं पडतंय का. ह्यातलं काही असतं तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवावं लागलं असतं. नव्हतं. म्हणून एमआरआय लगेच नको, अंथरुणाला खिळून राहणं नको, रोज थोडं चालणं, हळूहळू व्यायाम. मावशींना वाटलं डॉक्टरांनी मनावर घेतलं नाही. फोटो काढला नाही म्हणजे दुखणं मानलं नाही, असं पुष्कळांना वाटतं.

पगाराचा प्रश्न जास्त चिघळला. मावशी कर्मचारी राज्य विमा योजनेत होत्या, महिन्याच्या २१ हजारांच्या पगारमर्यादेच्या आत. कामावरची इजा मान्य झाली तर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ वेतनाच्या ९० टक्के, बरं होईपर्यंत. साधं आजारपण धरलं तर ७० टक्के, तेही वर्षाला ९१ दिवसांपर्यंत आणि आधी ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असेल तरच. १५ हजारांच्या पगारावर महिन्याला तीन हजारांचा फरक. कामावरची इजा ठरण्यासाठी अपघात वहीत नोंद हवी आणि मालकाने अपघाताचा अहवाल, म्हणजे फॉर्म १२, भरायला हवा. एजन्सी म्हणाली, आमचा माणूस तिथे नव्हता. रुग्णालय म्हणालं, बाई आमच्या पगारावर नाहीत. ह्या विमा योजनेच्या तेव्हाच्या, १९४८ च्या कायद्यातल्या कलम ४० प्रमाणे कंत्राटी कामगाराचीही वर्गणी आधी मुख्य मालकाने, म्हणजे रुग्णालयाने, भरायची होती, हे मेट्रननी कार्यालयात दाखवल्यावर सूर खाली आला. साक्षीला आजोबांचा मुलगा उभा राहिला. पलंग सरकल्याचं त्याने पाहिलं होतं, त्याच्या स्वतःच्या मनगटालाही लचक होती. फॉर्म उशिरा गेला, पण गेला.

आता वॉर्डाच्या वहीत पाठीच्या इजेचं पान आहे. त्यात एजन्सी आणि रुग्णालय असा भेद नाही, आणि "कारण" ह्या रकान्यात माणसाच्या चुकीआधी चार गोष्टी लिहायच्या: पलंग, जागा, वेळ, हाताखाली किती माणसं.

मावशी परतल्या तेव्हा एजन्सीने त्यांच्या जागी दुसरी बाई दिलेली होती. त्यांना ओपीडीत पेशंटना सोबत करण्याचं काम मिळालं. रात्रपाळीचा भत्ता गेला. वॉर्डाच्या बाथरूमचा चार इंची उंबरा तसाच आहे. पाणी बाहेर येऊ नये म्हणून घातलेला, कमोडची खुर्ची त्यावरून जात नाही, मामा पेशंटसकट खुर्ची उचलून पलीकडे ठेवतात. तो काढायचा तर खालच्या मजल्यावर गळती होणार नाही अशी फरशी पुन्हा बसवावी लागेल, त्यासाठी वॉर्ड दहा दिवस बंद, आणि पावसाळ्यात अस्थिरोग वॉर्ड बंद ठेवायला कोणी तयार नाही. काम दिवाळीनंतर धरलंय. तोवर उंबऱ्याच्या आतल्या बाजूला दुसरी खुर्ची ठेवलीय, आणि पिवळ्या पाटीचे पेशंट आधार घेऊन उभे राहून एका खुर्चीतून दुसऱ्या खुर्चीत बसतात.